मुलीसाठी स्कॉटिश नाव हवंय: यादी तयार आहे, उच्चारांचा पत्ता नाही

चिंचपेटी:

बहीण आणि मेहुणे ॲबर्डीनला असतात. पुढच्या महिन्यात बाळ येतंय आणि मुलगी आहे हे कळलंय. तिचा जन्म तिकडचा, शाळाही तिकडचीच, म्हणून पहिलं नाव स्कॉटिश ठेवायचं दोघांनी ठरवलंय. अट एकच, दोन्हीकडच्या आज्यांना ते धड म्हणता आलं पाहिजे. नावं शोधायचं काम मावशीकडे, म्हणजे माझ्याकडे आलंय.

नेटवरच्या याद्या चाळून एवढी वेचली: इस्ला, नियाम, मेव्ह, ईलिध, म्हैरी, कॅट्रिओना, फिओना, मोराग, स्काय, रोना. स्पेलिंगं बघून जसं वाचता आलं तसं लिहिलंय, हसू नका.

यातली खरी स्कॉटिश कोणती? उच्चार काय? आणि तिकडे नाव नोंदवायला किती दिवस मिळतात? आडनाव देशपांडे.

---

शब्दखुणा:

आधी यादीतलं पहिलंच नाव. ते इस्ला नाही. आय-एस-एल-ए या स्पेलिंगमधला एस मुका असतो आणि उच्चार होतो आयला. आजीने पाळण्यावर वाकून "आयला, झोपलीस का गं" म्हटलेलं चालणार असेल तर ठेवा.

नाव मात्र अस्सल तिकडचं आहे. आयला नावाची नदी आहे, ती पुढे टे नदीला मिळते. व्हिस्कीसाठी गाजलेल्या बेटाचा उच्चारही आयलाच, फक्त त्याच्या स्पेलिंगला शेवटी वाय जास्त. गेलिकमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या केल्टिक भाषेत, बेटाचं नाव 'ईले', त्यात एस नाहीच, तो इंग्रजी लेखनात मागाहून घुसला. नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड दरवर्षी नवजात मुलांच्या नावांची यादी काढतं, तीत २०२० आणि २०२३ साली मुलींमध्ये हेच नाव पहिलं होतं. म्हणजे मराठी कान सोडून दिला तरी वर्गात आणखी एकदोन आयला भेटण्याची तयारी ठेवावी लागेल.

नियाम आणि मेव्ह खोडा. दोन्ही आयरिश. नियाम लिहिता त्याचा उच्चार 'नीव्ह'. ही नावं स्कॉटलंडमध्ये भरपूर ऐकू येतात, विशेषतः ग्लासगोकडे, कारण आयर्लंडमधून पिढ्यानपिढ्या माणसं तिथे येऊन राहिली आहेत. नेटवरच्या याद्या मग सगळंच 'केल्टिक' या एका पोत्यात भरतात. सीर्शा, ईफा, कीव्हा हीसुद्धा त्याच पोत्यातली.

ओळखायची एक खूण सांगते. स्वरावर रेघ असेल तर तिचा कल बघा. डावीकडून उजवीकडे उतरत असेल तर स्कॉटिश गेलिक, चढत असेल तर आयरिश. १९८१ साली शालेय परीक्षांसाठी लेखनाचे नियम ठरले तेव्हापासून स्कॉटिश गेलिकमध्ये उतरती रेघच वापरतात. त्याआधीच्या छापील पुस्तकांत दोन्ही सापडतील, त्यामुळे जुन्या पुस्तकावरून ही परीक्षा घेऊ नका.

---

गेलिकचा_नाद:

वरच्या प्रतिसादाला +१. उच्चारांचं सांगतो. नियम चार-पाचच आहेत आणि मराठी माणसाला ते इंग्रजांपेक्षा लवकर जमतात, कारण लागणारे आवाज आपल्याकडे आयतेच आहेत.

गेलिक वर्णमालेत अक्षरं फक्त १८. जे, के, क्यू, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय, झेड नाहीत. त्यामुळे 'व' लिहायचा तर एम किंवा बीपुढे एच लावतात. तुमची 'म्हैरी' म्हणजे व्हारी. पहिला स्वर लांब, आपल्या पंढरीच्या वारीसारखाच. आजीला हे शिकवावंच लागणार नाही.

एसच्या शेजारी ई किंवा आय आला की त्याचा 'श' होतो. शीना हे नाव तसंच आलंय, इंग्रजी वळणाचं स्पेलिंग नंतरचं. टी आणि डीच्या शेजारी ई किंवा आय आला की ती अक्षरं 'च' आणि 'ज' यांच्याकडे झुकतात, आणि तो च चिमणीतला, चमच्यातला नव्हे. शब्दाच्या शेवटी असा डी आला तर कानाला चक्क 'च' लागतो: एस-ई-ओ-एन-ए-आय-डी या नावाचा उच्चार 'शॉनच'. त्याचंच सोपं इंग्रजी रूप शोना. (शोना ठेवाल तर 'शोना-बाबू'वाले विनोद फुकट मिळतील, ते मोजून ठेवा.)

टी-एच म्हणजे 'ह'. शेवटचा डी-एच जवळजवळ गळतो. म्हणून तुमची 'ईलिध' ही एली, ए चांगला लांब. स्पेलिंगमध्ये अक्षरं सहा (ई-आय-एल-आय-डी-एच) आणि तोंडात दोन. हेलन-एलनच्या कुळातलं मानतात ते नाव.

जोर बहुतेक वेळा पहिल्या अक्षरावर. ठळक अपवाद तुमच्या यादीतच आहे, कॅट्रिओना. कॅथरीनची बहीण. जोर 'ट्री'वर, आणि स्कॉटलंडमधल्या रोजच्या इंग्रजीत मधला ओ ऐकूच येत नाही: कट्रीना. स्पेलिंगमध्ये सीनंतरच्या ए-पुढे लगेच आय दिसला तर ते आयरिश रूप, ते घेऊ नका.

बाकीची यादी पटापट. फिओना: 'फिओन' म्हणजे गोरा, शुभ्र, हा शब्द जुना, पण मुलीचं नाव म्हणून ते वाटतं तितकं प्राचीन नाही. जेम्स मॅकफर्सनने १७६०च्या दशकात दंतकथेतल्या 'ऑसियन' या कवीच्या नावावर कविता छापल्या, तिथून ते रूप पुढे आलं, आणि विल्यम शार्प या लेखकाने 'फिओना मॅक्लाऊड' या टोपणनावाने लिहायला लागल्यावर ते पसरलं. स्काय: बेटाचं इंग्रजी नाव. के आणि वाय दोन्ही असल्यामुळे स्पेलिंग गेलिक असूच शकत नाही. नाव म्हणून काही वाईट नाही, पण "अस्सल गेलिक" म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नका. रोना: हेही बेट, पण आपल्याकडे त्याचा अर्थ रडणं होतो आणि २०२० नंतर तर बोलायलाच नको.

---

पानगळ:

मोराग नको. 'मोर' म्हणजे थोर, आणि शेवटचा 'अग' हा आपल्या चिमणीच्या चिमुकलीसारखा लाडाचा प्रत्यय, इतकं छान नाव, पण आज स्कॉटलंडमध्ये मोराग म्हटलं की डोळ्यांपुढे सत्तरीची बाई येते. आपल्याकडच्या सुमन-कुसुमसारखं. शीना, लोर्ना, मॉइरा, फिओना यांचंही कमीअधिक तेच. तिकडे आजकालच्या मुलींमध्ये एली, आयोना, मिरेन, मेझी ही नावं शोभतात.

लोर्नाबद्दल आणखी एक. ते स्कॉटिश म्हणून खपतं, पण आर. डी. ब्लॅकमोर या इंग्रज कादंबरीकाराने १८६९च्या कादंबरीसाठी ते घडवलं.

---

गेलिकचा_नाद:

मोरागवर टीका मान्य, पण अशी नावं फिरून येतात. एल्स्पेथ बघा (एलिझाबेथचं स्कॉट्स रूप), एल्सी त्यातूनच निघालं. आणि इथे एक फरक लक्षात घ्या: 'स्कॉटिश नाव' म्हणजे फक्त गेलिक नव्हे. सखल भागात स्कॉट्स ही वेगळी भाषा, इंग्रजीची सख्खी बहीण. जीन, जेसी, कर्स्टी, इझोबेल, मेझी, एफी ही त्या बाजूची किंवा दोन्हींच्या सीमेवरची नावं. स्पेलिंगचा त्रास इथे खूप कमी. ॲबर्डीन हा तर स्कॉट्सच्या डोरिक बोलीचा मुलूख, तेव्हा गेलिकच हवं असा हट्ट धरायचं काही कारण नाही.

यादीत नसलेली दोन नावं मी सुचवतो.

आयोना. आय-ओ-एन-ए, तोंडात तीन स्वच्छ अक्षरं, जसं दिसतं तसंच वाचतात. पश्चिम किनाऱ्यावरचं छोटं बेट. संत कोलंबा ५६३ साली आयर्लंडहून येऊन तिथे मठ स्थापून राहिले. गंमत म्हणजे हे नाव नकलेतल्या चुकीतून जन्मलंय: जुन्या लॅटिन लेखनात 'आयोउआ' होतं, कुणा लेखनिकाने यूचा एन केला आणि तोच टिकला. गेलिकमध्ये त्या बेटाला नुसतं 'ई' म्हणतात.

शीलस. एस-आय-एल-ई-ए-एस, आयवर उतरती रेघ. आपल्या शीलाच्या शेजारचंच वाटतं. केप्पोखची शीलस ही सतराव्या-अठराव्या शतकातली गेलिक कवयित्री. तिकडेही दुर्मीळ नाव. तोटा एवढाच की रेघ गळली की इंग्रजी वाचणारा 'सायलियस' करतो, आणि रेघ बऱ्याच ठिकाणी गळतेच.

---

चिंचपेटी:

बापरे, आयला थोडक्यात वाचले म्हणायचं. बहिणीला सगळं वाचून दाखवलं. तिच्याकडून चार नावं परत आली: एली, व्हारी, आयोना, एल्सा (ए-आय-एल-एस-ए). शीलस मेव्हण्यांना आवडलं, पण स्पेलिंगला घाबरले.

आता पुढचे प्रश्न. व्हारी आणि मारी ही एकच की वेगळी? मधलं नाव काय ठेवायचं, आपल्यासारखं वडिलांचं चालतं का? आणि नोंदणीचं कुणी सांगितलंच नाही.

---

गेलिकचा_नाद:

व्हारी-मारीचं उत्तर मराठीत फार सोपं आहे. आपण राधाला हाक मारताना 'राधे' म्हणतो, सीतेला 'सीते'. गेलिकमध्येही संबोधन आहे, फक्त बदल शेवटी न होता सुरुवातीला होतो. मारी (म्हणजे मेरी) हे मूळ नाव. हाक मारताना एमला एच लागतो, 'अ व्हारी'. ती हाक ऐकून ऐकून इंग्रजी बोलणाऱ्यांनी तिलाच नाव समजून नोंदवलं. म्हणजे दाखल्यावर राधाऐवजी 'राधे' लिहिण्यासारखं झालं.

म्हणून व्हारी चुकीचं ठरतं का? नाही. कित्येक पिढ्या ते स्वतंत्र नाव म्हणून चालत आलंय आणि स्कॉटलंडमध्ये सगळे बरोबर वाचतात. मुलीला गेलिक माध्यमाच्या शाळेत घालायचा विचार असेल तर एखादे शिक्षक मारीच बरं म्हणतील, एवढंच. मात्र 'मारी' मराठी घरात बिस्किटासारखं ऐकू येतं आणि व्हारी वारीसारखं, तेव्हा मी तर राधेच्या बाजूने. मारीला मान कमी आहे असं नाही: मारी व्होर नान ओरान, म्हणजे 'गाण्यांची थोरली मारी', ही १८२१ ते १८९८ या काळातली स्काय बेटाची कवयित्री जमिनीच्या हक्कांसाठीच्या गाण्यांमुळे आजही लक्षात आहे. तिच्या नावातच नियम दिसतो बघा. मारी बाईचं नाव, म्हणून पुढच्या 'मोर'चा 'व्होर' झाला.

स्वराने सुरू होणाऱ्या नावांना हाकेत काही होत नाही. एली ही एलीच, आयोना ही आयोनाच. शीलस मात्र हाकेत 'हीलस' होते आणि शीनाची हाक तर 'हीन'कडे जाते. मराठी घरात हे आधी माहीत असलेलं बरं.

एल्साचं म्हणाल तर उच्चार लांब ए घेऊन 'एल्सा'. क्लाइड नदीच्या मुखाशी समुद्रात एल्सा क्रेग नावाचं निर्मनुष्य खडक-बेट आहे, बर्फावर दगड सरकवायच्या कर्लिंग खेळाचे दगड तिथल्या ग्रॅनाइटचे होतात. इतकं भक्कम नाव, पण बालवाडीत पहिल्या दिवसापासून तिला 'फ्रोझन' सिनेमातली बर्फाची राजकन्या म्हणणार. स्पेलिंग वेगळं असलं तरी चार वर्षांची पोरं स्पेलिंग बघत नाहीत.

---

दाखला_पाहिजे:

नोंदणीचं मी सांगतो.

स्कॉटलंडमध्ये जन्मनोंदणी २१ दिवसांत करावी लागते. नेटवर ४२ दिवस दिसतील, ते इंग्लंडचे. लोक इथेच फसतात. ॲबर्डीनमध्येच करायला हवी असं नाही, स्कॉटलंडमधल्या कुठल्याही नोंदणी कार्यालयात चालते, पण वेळ आधी ठरवून घ्या. आपलं बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे हिशेब बसतो: बारशाला नाव ठेवा आणि तिसऱ्या आठवड्यात नोंदवा. बारसं लांबवून सव्वा महिन्यावर नेणार असाल तर मात्र नाव आधी ठरवावं लागेल.

सोबत हॉस्पिटलमधून मिळालेलं जन्माचं कार्ड आणि लग्नाचं प्रमाणपत्र. लग्न भारतातलं आणि कागद मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडून न्या. लग्न झालेलं असेल तर आईबाबांपैकी एकाने जाऊन भागतं. नसेल तर वडिलांचं नाव लागण्यासाठी सहसा दोघांनी मिळून जावं लागतं.

रजिस्ट्रार नोंद संगणकावर भरून सहीआधी तुम्हाला वाचायला देतात. हा सगळ्यात महत्त्वाचा क्षण. तीन आठवडे झोप न झालेले आईबाप नजर फिरवतात आणि सही करतात. तसं करू नका. बोट ठेवून एकेक अक्षर वाचा. एलीमध्ये एल आणि डी यांच्या मधला आय राहून जातो, व्हारीत एच आणि ए यांची जागा बदलते. तोंडी सांगूच नका, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून न्या, आणि देशपांडेसुद्धा आईबाबांच्या पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच. एकाच्या पासपोर्टवर शेवटी ई आणि दुसऱ्याच्या पासपोर्टवर वाय असेल तर तिथे जायच्या आधी ठरवा.

नोंदणी मोफत. दाखल्याची संक्षिप्त प्रत त्याच वेळी फुकट मिळते, पण तीत आईवडिलांची नावं नसतात. पासपोर्टसाठी पूर्ण प्रत लागते, ती पैसे भरून तिथेच मागून घ्या, दोन घेतल्या तर उत्तम.

नाव बदलावंसं वाटलं तर पहिलं नाव जन्मापासून १२ महिन्यांच्या आत बदलून त्याची नोंद करता येते. नंतरही बदलाची सोय आहे, पण मर्यादित वेळा.

जाता जाता: १९८३ पासून तिथे जन्मलं म्हणून आपोआप ब्रिटिश नागरिकत्व मिळत नाही, जन्माच्या वेळी आई किंवा बाबा ब्रिटिश नागरिक किंवा कायमचे रहिवासी असावे लागतात. तसं नसेल तर मुलीचा भारतीय पासपोर्ट एडिनबराच्या वाणिज्य दूतावासातून काढावा लागेल आणि तिथली नोंद जन्मापासून वर्षाच्या आत करायची असते. दोन्हीकडे स्पेलिंग एकच ठेवा. पासपोर्टच्या खालच्या, यंत्राने वाचायच्या ओळींत फक्त साधी रोमन अक्षरं बसतात, रेघा गळतात. विमानाचं तिकीटही रेघेशिवायच निघतं. रेघवालं नाव घ्यायचंच असेल तर ते रेघेशिवायही वाचता आलं पाहिजे.

---

शब्दखुणा:

मधल्या नावाबद्दल. वडिलांचं नाव चालतं, कायद्याने अडचण काहीच नाही, ते दुसरं नाव म्हणून नोंदलं जातं. फक्त तिकडे 'आयोना प्रसाद देशपांडे' वाचून लोकांना प्रसाद हे मुलीचंच नाव वाटेल.

तिकडची जुनी रीत आपल्याला जवळची वाटेल अशी आहे. पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव, दुसरीला वडिलांच्या आईचं, तिसरीला आईचं. आणि मधलं नाव म्हणून आईचं किंवा आजीचं माहेरचं आडनाव द्यायची पद्धत, त्यामुळे मुलींच्या नावात मध्येच कॅम्पबेल किंवा फ्रेझर दिसतं. म्हणजे मधे आजीचं नाव घातलं तर दोन्हीकडची रीत सांभाळली जाते. आयोना सुमती देशपांडे, एली मालती देशपांडे, काहीही. रोजच्या वापरात मधलं नाव कुणी विचारत नाही, त्यामुळे ते कितीही मराठी ठेवा.

वडिलांचं नाव मुलीत आणायचा तिकडचाही मार्ग होता. हायलँड्समध्ये, म्हणजे डोंगराळ भागात, वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाला 'इना' जोडायचे: मर्डिना, ह्यूइना, डोनाल्डिना. 'प्रसादिना' सुचवून बघा, बहीण फोन ठेवेल.

---

चिंचपेटी:

प्रसादिना वाचून ठेवलाच तिने फोन. सध्या एली आणि आयोना यांत अडलंय. एली ठेवलं तर भारतात सगळे स्पेलिंगवरून ईलिधच म्हणणार ना?

---

गेलिकचा_नाद:

हो, म्हणणार. स्कॉटलंडबाहेर इंग्लंडमध्येही म्हणतात. ऐकण्यावर लिहिलेली, ए-आय-एल-आय-ई किंवा ए-वाय-एल-ई-ई अशी सोपी रूपंही दिसतात. पण ॲबर्डीनच्या शाळेत नेहमीचं स्पेलिंग सगळ्यांना तोंडपाठ असतं आणि सोप्या रूपाचंच तिला दरवेळी स्पष्टीकरण द्यावं लागेल. ती राहणार तिथे, म्हणून तिथलं स्पेलिंग घ्या. भारतातल्या नातेवाइकांना बारशाच्या पत्रिकेवर फक्त देवनागरीत 'एली' छापून पाठवा, रोमन दाखवूच नका. एकदा कानावर पडलं की कुणी ईलिध म्हणत नाही.

आयोनाला यातलं काहीच करावं लागत नाही. एक चाचणी मात्र घ्या: दोन्ही आज्यांना फोनवर, स्पेलिंग न दाखवता, दोन्ही नावं एकेकदा सांगा आणि दुसऱ्या दिवशी परत म्हणायला लावा.

---

चिंचपेटी:

घेतली चाचणी. एका आजीने एली बरोबर म्हटलं आणि आयोनाचं 'आयुना' केलं. दुसरीने दोन्ही बरोबर म्हटली, पण एलीला लगेच 'एलू' करून टाकलं. बहीण म्हणते एलू चालेल.